पठारावरचे शून्य : उंचीमापक लावण्याच्या रीतीचा दख्खनी इतिहास

विमानाच्या दर्शनी फळीवर बसवलेला उंचीमापक, ज्याला वैमानिक अल्टिमीटर म्हणतात, हे मुळात हवेचा दाब मोजणारे उपकरण असून त्याच्या तबकडीवर दाबाऐवजी फुटांचे आकडे छापलेले असल्यामुळे ते थेट उंचीच मोजते असा समज होतो. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो हे खरे असले, तरी जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाभोवतीचा दाबही ऋतूप्रमाणे आणि प्रहराप्रमाणे बदलत असतो. त्यामुळे काट्याने कोणत्या दाबाला शून्य मानावे आणि मोजणी कोठून सुरू करावी, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाने त्या उपकरणाला सांगावे लागते. या सांगण्यालाच उंचीमापक ‘लावणे’ म्हणतात. घरच्या संगणकावर जुन्या हलक्या विमानाचे आभासी उड्डाण करणारा हौशी माणूस हे काम बहुधा एक कळ दाबून उरकतो, आणि त्या एका कळीमागे पावणेचारशे वर्षांची खटपट आहे याची त्याला सहसा कल्पना नसते. त्या खटपटीचा एक मोलाचा आणि बऱ्याच अंशी विस्मृतीत गेलेला भाग दख्खनच्या पठारावर घडला असल्याने, हा विषय पठाराच्या मध्यावरील एखाद्या ठिकाणावरून पाहणे सोयीचे ठरते.

असे एक ठिकाण म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील अकलूज. नीरा नदीच्या काठी वसलेले, नदीवरच्या किल्ल्यासाठी, बाजारपेठेसाठी आणि अलीकडच्या शतकात उसासाठी व सहकारी साखर कारखान्यासाठी ओळखले जाणारे हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण पावणेपाचशे ते पाचशे मीटर, म्हणजे सोळाशे फुटांच्या आसपास उंचीवर आहे. त्याच्या वायव्येस पंचावन्न ते साठ किलोमीटरवर वैमानिक प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध असलेला बारामतीचा विमानतळ आणि आग्नेयेस सुमारे शंभर किलोमीटरवर सोलापूरचा विमानतळ आहे; या दोन धावपट्ट्यांच्या उंचीत सुमारे चारशे फुटांचा फरक असून तो पुढील विवेचनात कामी येणार आहे. समुद्र येथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, तरीही या भागातील शेतकऱ्याला समुद्रसपाटी अपरिचित नाही, कारण पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज छापली जाणारी उजनी धरणाची पाणीपातळी तिच्यापासूनच मोजलेली असते. ४९१.०३ मीटर म्हणजे उपयुक्त साठ्याचा तळ आणि ४९६.८३ मीटर म्हणजे धरण पूर्ण भरले, हे आकडे जिल्ह्यात अनेकांना पाठ असतात. उजनीचे शून्य आणि विमानाचे शून्य एकाच ठिकाणचे असले, तरी ते शून्य समुद्रापासून एवढ्या आत आणले गेले दोन अगदी निरनिराळ्या वाटांनी.

पहिली वाट दाबाची. इटलीच्या तोरिचेल्लीने १६४३–४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून हवेलाही वजन असते हे दाखवले, आणि त्यानंतर फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी अशी नळी प्युई द दोम या डोंगरावर चढवून नेली तेव्हा पारा पायथ्यापेक्षा तीन इंचांहून अधिक खाली उतरल्याचे आढळले. उंची मोजण्यासाठी डोंगरावर दोरी वा साखळी ओढत नेण्याची गरज उरली नाही, पाऱ्याकडे पाहिले की पुरे, ही कल्पना त्या दिवशी सिद्ध झाली. मात्र पारा डोंगर चढल्यामुळे उतरला की हवामान बदलल्यामुळे उतरला हा प्रश्नही त्याच दिवशी उभा राहिला. पेरिएने त्याचे उत्तर म्हणून पायथ्याशी दुसरी नळी ठेवून तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला एक माणूस बसवला होता. आजच्या विमानतळावरचा हवामान-निरीक्षक वैमानिकाला दर थोड्या वेळाने दाबाचा आकडा कळवतो, ते मूलतः त्या पायथ्यावरच्या माणसाचेच काम आहे.

दख्खनमध्ये हे काम पद्धतशीरपणे करणारा माणूस लष्करी पेशातला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील विल्यम हेन्री साइक्स याला १८२४ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम देण्यात आले आणि १८३१ पर्यंत त्याने पेशवाईच्या अस्तानंतर कंपनीच्या हाती आलेल्या या मुलखात शेती, वतने, लोकसंख्या, पक्षी, मासे अशा अनेक गोष्टींची नोंद केली. पक्षिअभ्यासकांना तो आजही ठाऊक आहे, कारण पठारावरच्या एका चंडोलाच्या इंग्रजी नावात त्याचे नाव टिकून आहे. त्याच्या वायुभारमापकाच्या नोंदींना मात्र तेवढे भाग्य लाभले नाही. दख्खनमधील हवेची भरती-ओहोटी आणि हवामान या विषयावरील त्याचा दीर्घ निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये १८३५ साली प्रसिद्ध झाला.

‘हवेची भरती-ओहोटी’ हा शब्दप्रयोग येथे अलंकारिक नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो; सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास तो सर्वांत जास्त, तर पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. समुद्राच्या भरतीमागे मुख्यतः चंद्र असतो, तर हवेच्या या हेलकाव्यामागे मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने संपूर्ण वातावरणात उठणारी लाट असते, म्हणूनच त्याच्या वेळा तिथीप्रमाणे पुढे सरकत नाहीत आणि घड्याळाशी जुळलेल्या राहतात. युरोपात वादळे आणि थंडीच्या लाटा दाबाला एवढे हलवतात की हा बारीक हेलकावा त्यांच्याखाली दडून जातो. पठारावर मात्र वर्षाचा बराचसा काळ हवामान इतके स्थिर असते की सकाळ-दुपारच्या दाबातील फरक जवळजवळ रोज ठरल्याप्रमाणे दिसतो. साइक्सच्या आधी अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात ही नियमितता पाहिली होती, तरी दख्खनच्या पठारावर वर्षानुवर्षे राहून, ऋतूंप्रमाणे आणि ठिकाणांप्रमाणे नोंदी ठेवून ती मांडण्याचे श्रेय साइक्सचे आहे.

या हेलकाव्याची व्याप्ती इंचाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे आजच्या मापात तीन ते चार हेक्टोपास्कल असते. हेक्टोपास्कल हे दाबाचे आजचे आंतरराष्ट्रीय एकक असून जुना मिलिबार आणि ते यांचे मूल्य एकच आहे. समुद्रसपाटीवर प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानतात आणि अकलूजच्या उंचीवर प्रत्यक्ष दाब साधारण ९५५ च्या आसपास भरतो. जमिनीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे अठ्ठावीस फूट उंची हे प्रमाण धरले, तर पठारावर सकाळी दहा वाजता शून्यावर लावून ठेवलेला उंचीमापक, विमान जागचे हलले नसतानाही, दुपारी चार वाजता सुमारे शंभर फूट उंची दाखवतो. साइक्सच्या काळी विमान नव्हते आणि त्याला उडायचेही नव्हते. पण वायुभारमापकाने डोंगर-गावांची उंची काढणाऱ्याला हा फरक वजा करणे भागच होते, आणि पुढे शंभर वर्षांनी वैमानिकांना ज्या चुकीपासून सावध राहावे लागले ती चूक त्याने तिच्या वेळांसह नोंदवून ठेवली होती.

उंचीची दुसरी वाट दुर्बिणीची आणि पट्टीची. दाबावरून काढलेल्या उंचीत दहा-वीस मीटरची चूक सहज राहू शकते, आणि ज्या मुलखात कालवे काढायचे तेथे एवढी चूक चालत नाही, कारण नीरेसारख्या नदीच्या कालव्याला मैलामागे थोडक्याच उताराने वाहत जायचे असते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने १८५८ पासून देशभर अचूक समतलनाचे, म्हणजे लेव्हल-दुर्बीण आणि खुणांच्या पट्ट्या वापरून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत उंचीतील फरक मोजत जाण्याचे काम हाती घेतले, आणि कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम व फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणच्या भरतीमापकांवर मिळालेल्या सरासरी समुद्रपातळीला शून्य धरून १९०९ साली सर्व आकड्यांचा मेळ घातला. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, पाटबंधारे खात्याचे जे दगडी बेंचमार्क असतात आणि उजनीच्या भिंतीवर पाण्याची जी पातळी वाचली जाते, त्या सर्वांचा उगम या जाळ्यात आहे. समुद्राचे शून्य पठारावर वाहून आणण्याची ही पद्धत संथ आणि खर्चिक होती, पण एकदा आणलेले शून्य हवामानाबरोबर हलत नाही हा तिचा मोठा गुण. विमानतळाच्या धावपट्टीची उंची परंपरेने याच पद्धतीने ठरवतात, आणि वैमानिक आपले चंचल उपकरण त्या स्थिर आकड्याशी ताडून घेतो.

पाऱ्याची नळी डोंगरावर नेणे अवघड आणि विमानात नेणे अशक्यच असल्याने, मधला दुवा १८४४ मध्ये फ्रेंच संशोधक लुसियाँ विदी याने पुरवला. त्याच्या निर्द्रव वायुभारमापकात पारा नसून आतली हवा काढून घेतलेली पातळ धातूची एक चपटी डबी असते. बाहेरचा दाब वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते, आणि तिची ही किंचितशी हालचाल तरफा व साखळीने वाढवून काट्यापर्यंत पोहोचवली जाते. खिशात मावेल एवढे हे उपकरण प्रथम सर्वेक्षकांनी आणि गिर्यारोहकांनी, मग फुग्यातून उडणाऱ्यांनी आणि शेवटी विमान चालवणाऱ्यांनी आपलेसे केले.

सुरुवातीच्या हलक्या विमानांतील उंचीमापक म्हणजे जवळजवळ हीच डबी. तबकडी एक, काटा एक, हजार-हजार फुटांच्या ढोबळ खुणा आणि तबकडी अगर काटा फिरवायला एक नॉब, एवढाच त्याचा थाट असून दाबाचा आकडा दाखवणारी खिडकी त्यात नसे. असे उपकरण लावायच्या दोनच रीती शक्य होत्या. धावपट्टीवर उभे असताना काटा शून्यावर आणायचा, म्हणजे पुढे तो त्या धावपट्टीपासूनची उंची दाखवतो. किंवा धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असल्यास काटा त्या आकड्यावर आणायचा, म्हणजे तो समुद्रापासूनची उंची दाखवतो. तारायंत्र आणि बिनतारी संदेशासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी जी तीन अक्षरी सांकेतिक भाषा रूढ झाली, तिच्यातून पहिल्या रीतीच्या दाबाला क्यूएफई आणि दुसऱ्या रीतीच्या दाबाला क्यूएनएच ही नावे पुढे चिकटली व ती आजही जगभर वापरात आहेत.

समुद्रकाठी उडणाऱ्याला या दोन रीतींत फारसा फरक जाणवत नाही. मुंबईच्या जुहूच्या धावपट्टीवर शून्य लावले काय आणि समुद्रसपाटी लावली काय, काटा जवळजवळ एकाच जागी असतो. इंग्लंडमधील बऱ्याच सपाट विमानतळांवरही फार निराळी परिस्थिती नव्हती, आणि तेथील क्लबांत शून्य लावण्याची सवय दीर्घकाळ टिकण्याचे ते एक कारण असावे. पठार चढले की हा सैलपणा संपतो. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभच या चढणीवर झाला. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला डाक आणली ती पस मॉथ या एका इंजिनाच्या हलक्या विमानातून, आणि तीच डाक पुढे नेव्हिल व्हिन्सेंट याने बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. मुंबई–बेल्लारी ही सरळ रेघ सह्याद्री ओलांडून, अकलूजच्या बरीच पश्चिमेला, सातारा जिल्ह्यातून जाते. विमानात रेडिओ नव्हता, वाटेतल्या दाबाचा आकडा कोणी कळवण्याची सोय नव्हती. समुद्रकाठी लावलेला उंचीमापक घाटावर गेल्यावर खालची जमीन दोन हजार फूट वर आलेली आहे हे सांगत नसतो, ते नकाशावरून आणि खिडकीतून पाहूनच वैमानिकाने लक्षात ठेवायचे असते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने टाटांची ही सेवा त्या महिन्यांपुरती पुण्यास हलवली जाई. समुद्राच्या पातळीवरून सुमारे एकोणीसशे फुटांवर असा हा मुक्काम बदले, आणि उंचीमापक कशापासून मोजतो हा प्रश्न दरवर्षी नव्याने सोडवावा लागे.

ज्या काळात ही सेवा सुरू झाली त्याच्या थोडे आधी अमेरिकेत या उपकरणाचे रूप पालटले होते. जर्मनीतून तेथे गेलेल्या पॉल कोल्समन याने १९२८ च्या सुमारास घड्याळाच्या तोडीच्या सूक्ष्म दातेरी चाकांनी चालणारा, वीस फुटांपर्यंतचा फरक वाचता येईल असा उंचीमापक तयार केला आणि त्याच्या तबकडीत एक लहानशी खिडकी ठेवून तीत दाबाचे आकडे दाखवले; वैमानिकाने नॉब फिरवून विमानतळाने सांगितलेला दाब त्या खिडकीत आणला की काटे आपोआप योग्य जागी जातात. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल याने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर, बाहेरचे काहीही न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून पुन्हा उतरवले, त्यात या उपकरणाचा वाटा मोठा होता. खिडकीला आजही कोल्समनची खिडकी म्हणतात. तिच्यामुळे शून्य ठरवण्याचा अधिकार वैमानिकाच्या अंदाजाकडून जमिनीवरच्या वेधशाळेकडे गेला, आणि रेडिओशिवाय तिचा उपयोग अर्धाच राहिला. भारतातील योगायोग असा की भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय त्याच १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. दाबाचे आकडे गोळा करणाऱ्या देशभरच्या जाळ्याचे केंद्र असे पठारावरच येऊन बसले.

सूक्ष्मता वाढली तसे नवे धोकेही आले. हजारांचा, दहा हजारांचा आणि शेकड्यांचा असे तीन काटे एकाच तबकडीवर फिरू लागल्यावर घाईत चुकीचा काटा वाचण्याची भीती निर्माण झाली, आणि २४ डिसेंबर १९५८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्रिस्टल ब्रिटानिया जातीचे विमान उतरताना कोसळले तेव्हा चौकशीत तीन काट्यांच्या उंचीमापकाचे चुकीचे वाचन हेच कारण पुढे आले. जुन्या एका काट्याच्या उपकरणाची ढोबळता निदान कोणाला फसवत नव्हती.

खिडकीत आणायचा आकडा कोठूनही आला, तरी दाबाचे फुटांत रूपांतर करण्यासाठी हवा वर जाताना कशी विरळ आणि थंड होत जाते याचे एक ठराविक प्रमाण धरावेच लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत युरोप-अमेरिकेत ठरलेले आणि १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने जगभर लागू केलेले हे ‘प्रमाण वातावरण’ समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअस तापमान आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट गृहीत धरते. हे मध्य अक्षांशांवरील सरासरी हवेचे वर्णन आहे. त्याप्रमाणे अकलूजला बारा अंश तापमान असायला हवे, आणि वैशाखातल्या दुपारी माळशिरस तालुक्यात उभ्या असलेल्या कोणालाही हा आकडा थट्टेचा वाटेल. हवा ४२ अंशांवर असेल तेव्हा तिचा स्तंभ प्रमाणापेक्षा सुमारे दहा टक्के फुगलेला असतो, म्हणून उंचीमापक धावपट्टीच्या वर हजार फूट दाखवतो तेव्हा विमान प्रत्यक्षात अकराशे फुटांच्या आसपास असते. ही चूक सुरक्षित बाजूची आहे. युरोपातील पाठ्यपुस्तके ज्या चुकीबद्दल बजावतात ती कडाक्याच्या थंडीत विमान समजुतीपेक्षा खाली असण्याची चूक पठारावर क्वचितच भेटते.

पठाराचा खरा धोका निराळा. पावसाळ्याच्या महिन्यांत समुद्रसपाटीला आणून काढलेला दाब येथे १००५ हेक्टोपास्कलच्या आसपास घोटाळतो, तर हिवाळ्यात तो १०१५ च्या जवळ जातो. जानेवारीत लावलेल्या खिडकीने जुलैत कोणी उडाले, तर काटा सुमारे पावणेतीनशे फूट जास्त उंची सांगेल, म्हणजे विमान वैमानिकाच्या समजुतीपेक्षा तेवढे खाली असेल. त्याशिवाय विरळ उष्ण हवेचा परिणाम काट्यावर न दिसता पंखांवर आणि इंजिनावर होतो. घनतेच्या हिशोबाने उन्हाळ्यातल्या दुपारी अकलूजच्या जमिनीवरची हवा प्रमाण वातावरणातील पाच हजार फुटांवरच्या हवेहूनही विरळ भरते. टायगर मॉथ किंवा हिंदुस्थान एअरक्राफ्टने बांधलेले आणि सप्टेंबर १९५८ मध्ये प्रथम उडालेले नव्वद अश्वशक्तीचे पुष्पक यांसारख्या विमानांना, ज्यांच्यावर देशातील फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या पिढ्या तयार झाल्या, अशा वेळी जमीन सोडायला किती लांब पळावे लागत असेल हे उंचीमापकाकडे पाहून कळत नाही.

उंचीमापक जमिनीवर बसून शिकवण्याची कल्पना घरगुती संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे बापाच्या ऑर्गन व पियानोच्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंक याने १९२९ मध्ये तयार केलेले प्रशिक्षण-यंत्र ऑर्गनच्या भात्यांवरच डोलत असे आणि त्याच्या आतील काही उपकरणे यांत्रिक रीतीने तर काही हवेच्या दाबावर चालत. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक ढगांतले उड्डाण अशा बंद पेटीत बसून शिकले. घरगुती संगणकावर हा खेळ आणला तो ब्रूस आर्टविक याने. त्याचे १९७९ मधील साधे रेखाचित्रांचे उड्डाण १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने बाजारात आले, आणि राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ साली निघालेल्या त्याच्या आवृत्तीत कर्टिस जेनी, पायपर कब, डीसी-३ अशी जुनी विमाने चालवायला मिळाली. एक बी ही कळ दाबली की उंचीमापकाच्या खिडकीत त्या क्षणीचा दाब आपोआप भरण्याची सोयही त्याच मालिकेने रूढ केली.

जुने विमान निवडून ही कळ दाबणे म्हणजे १९३० चे विमान घेऊन त्यात १९९० चा वेधशाळेचा माणूस बसवण्यासारखे आहे. एका काट्याचा, बिनखिडकीचा उंचीमापक ज्या विमानात आहे त्यात ती रीतही त्या काळचीच हवी, आणि बारामती–अकलूज–सोलापूर हा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग तिच्या अभ्यासाला फार योग्य आहे. बारामतीच्या धावपट्टीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे एकोणीसशे ऐंशी फुटांवर, काटा शून्यावर आणून निघालेले टायगर मॉथ काट्यावर हजार फूट राखून अकलूजवर आले, तर नीरेच्या काठच्या जमिनीपासून ते चौदाशे फुटांच्या आसपास असते, कारण जमीन खाली गेली आहे आणि काट्याला ते ठाऊक नाही. सोलापूरला, पंधराशे ऐंशीच्या आसपास उंचीवर, चाके टेकतात तेव्हा काटा शून्याच्या मागे चारशे फूट गेलेला असतो. हे विचित्र दिसते, पण धोक्याचे नाही. उलट दिशेने, सोलापूरला शून्य लावून बारामतीस येणाऱ्याला मात्र काटा चारशे फूट शिल्लक दाखवत असतानाच जमीन लागते, आणि त्याने शून्य सकाळी दहाला लावले असून तो दुपारी चारच्या सुमारास उतरत असेल तर साइक्सने नोंदवलेली ओहोटी त्या चारशेत आणखी शंभर फुटांची भर घालते. म्हणून या मार्गावर जुन्या रीतीने उडणाऱ्याने शून्य न लावता निघताना धावपट्टीची उंची लावावी, पोहोचण्याच्या ठिकाणाची उंची आधीच कागदावर लिहून ठेवावी आणि दुपारी परतताना काट्याच्या आकड्यातून शंभर फूट वजा धरावेत.

या प्रयोगात एक अडचण आभासी हवामानाची आहे. जुन्या आवृत्त्यांतील ‘निरभ्र हवामान’ हा तयार पर्याय निवडला की समुद्रसपाटीवर १५ अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल हेच कायम राहते, त्यामुळे त्या अकलूजवर ना ऊन असते ना ओहोटी, आणि उंचीमापक कधीच चुकत नाही. प्रत्यक्ष विमानतळांची तासागणिक हवामान-वृत्ते घेणारा पर्याय निवडला, किंवा हाताने तापमान ४० अंश आणि दाब १००५ भरला, तरच पठाराची हवा पडद्यावर येते. हा पर्याय फुकट मिळणाऱ्या प्रणालींतही उपलब्ध आहे, आणि खर्च एवढाच की उड्डाण सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे द्यावी लागतात.

बारामतीसारख्या ठिकाणी दख्खनमध्ये राहून वैमानिक होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणारी उंचीमापकावरची इंग्रजी पुस्तके बहुतांश उत्तर अटलांटिकच्या हवेची उदाहरणे देतात. तेथे बर्फ आहे, वादळे आहेत, पण सकाळ-दुपारची ओहोटी दिसत नाही. ज्या पठारावरून हे विद्यार्थी रोज उडतात त्याच पठारावर दोनशे वर्षांपूर्वी घेतलेल्या दाबाच्या नोंदी छापून उपलब्ध असताना त्यांचा उल्लेख प्रशिक्षणात कोठेही न व्हावा, ही आपल्या शास्त्रीय शिक्षणातील उणीवच म्हणावी लागेल. मराठीत उंचीमापकावर पाठ लिहू पाहणाऱ्या कोणीही त्याची सुरुवात १८३५ च्या त्या निबंधातील दख्खनच्या आकड्यांपासून करावी.